चित्रपट बाजूला ठेवून ऐकलेले भयाचे संगीत : 'तुंबाड'च्या निमित्ताने

सोमेश्वरकर (धागाकर्ता)

नमस्कार. 'तुंबाड' या चित्रपटाचे पार्श्वसंगीत मी गेले काही महिने चित्रपटापासून वेगळे करून ऐकतो आहे. त्या ऐकण्यातून जे प्रश्न पडले, ते येथील जाणकारांपुढे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. हा चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. दोन्ही वेळा मी तो येथे नाशिकमध्येच पाहिला. दोन्ही वेळा बाहेर पडताना मनात राहिले ते पावसात भिजणारे गाव, तो वाडा आणि ती आजी. संगीत आपल्यावर काहीतरी करत होते एवढे जाणवले होते. परंतु नेमके काय, ते सांगता आले नसते. डोळे इतके गुंतलेले असताना कानांनी काय काय आत घेतले, याचा हिशेब कोण ठेवणार?

शीर्षकगीत अजय-अतुल यांचे आहे आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा विषय जेस्पर किड या डॅनिश संगीतकाराने केलेले पार्श्वसंगीत हा आहे. संगणकावरील खेळ खेळणाऱ्यांना किड यांचे नाव 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' या मालिकांमुळे चांगले परिचयाचे आहे, आणि माझ्या मते सगळी मेख येथेच आहे. चित्रपटाच्या संगीतकाराला दार कोणत्या सेकंदाला उघडणार हे ठाऊक असते. खेळाच्या संगीतकाराला ते ठाऊक नसते. खेळणारा माणूस त्या दारापुढे क्षणभर थांबेल किंवा अर्धा तास घुटमळेल, आणि तेवढा वेळ तेच संगीत न कंटाळवता वाजत राहिले पाहिजे. अशा कामात मुरलेला संगीतकार घटनेपेक्षा जागेचे संगीत लिहायला शिकतो. 'तुंबाड'च्या संगीतात मला तेच ऐकू येते. कोणी पळते आहे, कोणी पडते आहे, यापेक्षा ही जागा कशी आहे, येथे किती काळापासून काहीतरी दबून आहे, हे ते सांगत राहते.

माझ्या ऐकण्यात एक गोष्ट ठळकपणे समोर आली. चित्रपटगृहात ज्या आवाजांनी मी दचकलो होतो, ते नुसते ऐकताना दोन-तीन वेळांतच निष्प्रभ झाले. याउलट ज्या संथ, लांबणाऱ्या तुकड्यांकडे तेव्हा माझे लक्षही गेले नव्हते, ते प्रत्येक वेळी अधिक आत उतरत आहेत, आणि ते ऐकताना माझ्यापुढे चित्रपटातील वाडा येत नाही. दुसरेच काहीतरी येते, ज्याला आकार नाही. म्हणून माझे म्हणणे असे की दचकवणारे संगीत दृश्याच्या आधाराने उभे असते आणि दृश्य काढले की कोसळते, परंतु झपाटणारे संगीत दृश्य काढल्यावर मोकळे होते. हे आपणास पटते का? आणि असे संगीत एक स्वतंत्र रचना म्हणून ऐकण्याची आपली पद्धत कोणती, तेही लिहावे.

जुनी तबकडी

सोमेश्वरकर, धागा मनापासून आवडला. जुन्या तबकड्या ऐकणे आणि सांभाळणे हा माझा अनेक वर्षांचा नाद आहे, त्यामुळे मी थोडा मागे जाऊन लिहितो.

आपण ज्याला मोकळे होणे म्हणता, त्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण १९४९ च्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला' हे आहे. आज हे गाणे ओळखणाऱ्यांपैकी किती जणांनी तो चित्रपट पाहिला असेल? तरीही गाणे सुरू झाले की खोलीतील हवा बदलते. यामागे संगीतकार खेमचंद प्रकाश यांची एक अतिशय विचारपूर्वक केलेली योजना आहे, आणि लता मंगेशकर यांनी ती अनेकदा सांगितली आहे : ध्वनिग्राहक खोलीच्या मध्ये ठेवला होता आणि लताबाईंनी दूरच्या कोपऱ्यातून गायला सुरुवात करून गात गात त्याच्याजवळ चालत यायचे होते. कोणीतरी दुरून येत आहे, ही गोष्ट कॅमेऱ्याने दाखवायची बाब न राहता ध्वनिमुद्रणातच शिरली. पडदा काढून घेतला तरी ते अंतर तबकडीत तसेच राहिले, कारण ते प्रत्यक्ष पावलांनी चाललेले अंतर होते.

तेव्हा तबकडीवर गायिकेच्या जागी पडद्यावरील पात्राचे 'कामिनी' हे नाव छापले गेले होते. म्हणजे रेडिओवर ते गाणे ऐकणाऱ्याला ना चेहरा ठाऊक, ना गायिकेचे नाव. हा आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली आणि मग ते नाव लोकांपर्यंत पोहोचले. झपाटणाऱ्या संगीताला याहून योग्य प्रवेश मिळाला नसता. खेमचंद प्रकाश मात्र पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, गेले. आपल्या या गाण्याचे पुढे काय झाले, ते त्यांना फार काळ पाहायला मिळाले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आता खेदाची बाजू. आपल्याकडे चित्रपटाचे संगीत म्हणून जे विकले गेले ती गाणी होती. पार्श्वसंगीत चित्रपटातच राहिले. सलील चौधरी यांनी 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९) या गाणी नसलेल्या दोन चित्रपटांना पार्श्वसंगीत दिले. संशयाचे सगळे वातावरण त्या संगीतावर उभे आहे, आणि तरीही ते ऐकायचे तर संवाद, पावले आणि दारांच्या आवाजांसह चित्रपटातूनच ऐकावे लागते. 'शोले'च्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि घराघरांत वाजल्या, पण पार्श्वसंगीतासाठी वेगळी तबकडी काढावी असे त्या काळात क्वचितच कोणाला वाटले. आपण जे आज सहज करता आहात, ते करण्याची संधी आमच्या पिढीला मिळालीच नाही. म्हणून हे ऐकणे केवळ हौस म्हणून पाहू नये असे मला वाटते.

मंद्रसप्तक

मी गाणे शिकते आणि थोडे शिकवतेही. सोमेश्वरकर यांनी जागेचे संगीत आणि घटनेचे संगीत असा जो भेद केला, त्याला आपल्या रागसंगीताच्या बाजूने दुजोरा द्यावासा वाटतो.

मारवा हा राग घ्या. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, ठाण मांडायचे नाही. गायक रिषभ आणि धैवत यांच्यावर रेंगाळत राहतो आणि ऐकणाऱ्याला घराचा उंबरठा दिसतो, पण आत जाऊ दिले जात नाही. तानपुरा मात्र मागे षड्ज सांगतच असतो. ही जी ओढाताण आहे, तिच्यासाठी कोणतेही चित्र लागत नाही, कथा लागत नाही, आणि तरीही दिवेलागणीला मारवा ऐकताना पोटात जे कालवते, ते मला तरी भयाचेच एक सौम्य रूप वाटते. माझ्या गुरूंच्या पंचवटीतील खोलीत मी हा राग शिकत असताना एका सायंकाळी ताई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "आता सा लाव, नाहीतर आज रात्री झोप नाही यायची." त्या अगदी गंभीरपणे बोलत होत्या.

झपाटणाऱ्या पार्श्वसंगीतात मला हेच तत्त्व दिसते. स्वर परत येण्याची वाट पाहायला लावायचे आणि आणायचे नाही. दचकवणाऱ्या आवाजात मात्र वाट पाहण्यासारखे काही उरतच नाही. तो एकदाच सगळे देऊन टाकतो. म्हणून तो दुसऱ्या वेळेला रिकामा वाटतो. आपण 'तुंबाड'चे जे संथ तुकडे म्हणता, ते ऐकताना मूळ स्वर मनात धरून ठेवा आणि रचना त्याच्यापाशी परत येते का, किती उशिरा येते, एवढेच पाहा. ऐकण्याचा सगळा रोख बदलतो.

ध्वनिपट्टी

बरीच वर्षे मुंबईत चित्रपटांच्या ध्वनिमिश्रणाचे काम केल्यावर मी आता नाशिकला परतलो आहे, म्हणून तांत्रिक बाजू थोडी सविस्तर लिहितो. तिचा या चर्चेशी थेट संबंध आहे.

चित्रपटाचा अंतिम ध्वनी संवाद, संगीत आणि इतर आवाज असे तीन गट जुळवून तयार होतो, आणि या तिघांत संवादाला पहिला मान असतो. पात्र बोलू लागले की संगीत खाली घेतले जाते. पाऊस कोसळू लागला की संगीताचे मधले-वरचे स्वर त्यात बुडतात. 'तुंबाड'मध्ये जवळजवळ सगळीकडे पाऊस आहे. त्यामुळे चित्रपटगृहात आपण जे ऐकले ते त्या संगीताचे अर्धेमुर्धे रूप होते, असे म्हणायला हरकत नाही. सोमेश्वरकर यांना संथ तुकडे नव्याने सापडले, त्याचे एक साधे कारण हे आहे की पूर्वी ते पावसाखाली होते.

परंतु चित्रपटगृहात जे असते आणि घरी हरवते, असेही काही आहे. तेथील ५.१ रचनेत समोर तीन वाहिन्या, बाजूंना दोन आणि केवळ खालच्या स्वरांसाठी एक वेगळी वाहिनी असते, जी साधारण १२० हर्ट्झच्या खालचे आवाज सांभाळते. भयपटातील दडपण बहुतांशी येथून येते. मंद्रसप्तक यांना लगेच कळेल अशा भाषेत सांगायचे तर काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झला असतो आणि मंद्र षड्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला. मोबाइलचा स्पीकर या प्रदेशात जवळजवळ मुका असतो. म्हणजे मोबाइलवर भयाचे संगीत ऐकणारा माणूस त्यातील मंद्र सप्तक गाळून ऐकत असतो, आणि मग त्याला ते संगीत किरकिरे आणि लांबलेले वाटले, तर दोष ना त्याचा, ना संगीतकाराचा.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. आवाज लहान ठेवला की आपल्या कानाला खालचे स्वर इतर स्वरांपेक्षा अधिक वेगाने क्षीण होत गेल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. त्यामुळे रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून हळू आवाजात लावलेले भयसंगीत आपोआप निम्मे होते. अशा वेळी कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन वापरावेत. मात्र त्यातही एक तोटा आहे, तो असा की हेडफोनवर आवाज डोक्याच्या आत वाजतो आणि खोली नाहीशी होते. सोमेश्वरकर ज्याला जागेचे संगीत म्हणतात, त्याला खरी जागा मिळालेली बरी. दोन बऱ्यापैकी स्पीकर, भिंतीपासून थोडे पुढे, आणि ऐकणारा त्यांच्यासमोर समान अंतरावर, एवढी मांडणी घरी सहज करता येते.

तिन्हीसांज

मी भयपट पाहू शकत नाही. हे कधीच जमलेले नाही आणि आता जमावे अशी इच्छाही नाही. परंतु भयाचे संगीत मी आवडीने ऐकते, आणि 'तुंबाड'चे तर चित्रपट न पाहताच ऐकले आहे. त्यामुळे येथील सर्वांपेक्षा माझी जागा वेगळी आहे. तुम्हाला चित्र काढून टाकावे लागते, माझ्यापाशी ते मुळात नाहीच.

माझा अनुभव असा की भीती ऐकण्याची सवय आपल्याला चित्रपटांच्या आधीपासून आहे. आमच्या लहानपणी रात्री रेडिओवर श्रुतिका लागायच्या आणि एका करकरणाऱ्या दारावर अख्खी कथा उभी राहायची. त्या दाराचा रंग प्रत्येकाच्या मनात वेगळा असे, आणि म्हणूनच ते दार प्रत्येकाच्या स्वतःच्या घरचे असे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की 'तुंबाड'चे बीज १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना सांगितलेल्या नारायण धारप यांच्या कथेत होते. म्हणजे त्यांना ती भीती आधी कानांनीच मिळाली, एका माणसाच्या आवाजातून. पुढे तिला पाऊस, वाडा, सोने हे सगळे मिळाले. मी ते संगीत ऐकताना त्या कथेच्या सर्वांत पहिल्या अवस्थेच्या जवळ असते, असे मला फार आतून वाटते.

आता एक वेगळा मुद्दा. चित्र काढल्यावर भीती प्रत्येक वेळी वाढतेच असे नाही. कधी ती पूर्ण निघून जाते आणि मागे दुसरेच सुंदर काही उरते. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) मधील 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गाणे आठवा. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकर यांचे संगीत, आशाबाईंचा आवाज. चित्रपटात पत्नी गेलेली आहे आणि तिच्याच चेहऱ्याची स्त्री समोर येऊन उभी राहते, त्यामुळे तेथे ही नजर मागे लागलेली वाटते, मृत्यूच्या पलीकडून. परंतु माझ्या आईच्या पिढीने ते रेडिओवर ऐकले आणि त्याला निष्ठेचे, मायेचे गाणे मानले. कित्येकींनी ते हळदीकुंकवाला हौसेने गायले असेल. याच कथेवर पुढे हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला आणि मदन मोहन यांनी नंद रागात बांधलेल्या त्याच्या शीर्षकगीताचेही हेच झाले. सावली सोबत चालणार हे वचन आहे की धाक आहे, हे चित्रपट पाहिल्याशिवाय ठरत नाही. मला ते न ठरणेच अधिक आवडते.

अंजनेरी

तिन्हीसांज यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी मात्र एक शंका आहे.

मी सोमेश्वरकर यांचा धागा वाचून हेच संगीत श्रावणात त्र्यंबक रस्त्यावर, अंजनेरीच्या पायथ्याशी गाडी उभी करून ऐकले. समोर डोंगर ढगात होता, काचेवर पाणी ओघळत होते, आणि परिणाम विलक्षण झाला यात वाद नाही. परंतु नंतर विचार करताना असे वाटले की मी चित्रपटातील चित्र काढून तेथे दुसरे चित्र बसवले, एवढेच केले. कोकणातला पाऊस गेला आणि घाटमाथ्यावरचा आला. मग हे संगीत स्वतंत्र झाले असे कसे म्हणावे? ते फक्त एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेले. निव्वळ संगीत म्हणून त्याची परीक्षा घ्यायची असेल तर ते एखाद्या कोरड्या, उजेडी दुपारी, कॉलेज रोडवरच्या वर्दळीला लागून असलेल्या खोलीत ऐकले पाहिजे, जेथे त्याला मदत करणारे काहीच नाही. तेथेही ते टिकले तर मी मान्य करीन.

पंचवटीकर

माझा मतभेद याहून मूलभूत आहे, आणि तो सौजन्यानेच मांडतो.

पार्श्वसंगीत ही अपूर्ण ठेवलेली कला आहे. तिच्यात दृश्यासाठी, संवादासाठी आणि सर्वांत अधिक शांततेसाठी मोकळी जागा सोडलेली असते. चित्रपटात संगीत थांबते आणि काही मिनिटे केवळ श्वास आणि थेंब ऐकू येतात. त्या शांततेनंतर येणारा पहिला स्वर भय निर्माण करतो. संकलक आणि दिग्दर्शक यांनी मोजून ठेवलेली ती शांतता तबकडीवर नसते. तेथे एका तुकड्यामागून दुसरा तुकडा सुरू होतो, भयाची रांग लागते, आणि रांगेतले भय बोथट होते. सोमेश्वरकर यांचे दचकवणारे तुकडे निष्प्रभ झाले, यात त्या संगीताचा कमकुवतपणा नाही; त्यांच्या आधीची शांतता काढून घेतली गेली आहे, त्याचा हा परिणाम आहे.

१९६० च्या 'सायको'मधील स्नानगृहाचे दृश्य पाहा. हिचकॉक यांना ते दृश्य संगीताविना हवे होते. बर्नार्ड हेरमन यांनी तरीही संगीत लिहिले, केवळ तंतुवाद्यांचे, आणि ते ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपला निर्णय बदलला. दोघांच्या गाठीतून जे निर्माण झाले ते आज आपण एकच वस्तू म्हणून ओळखतो. ती गाठ सोडवून एक दोरा हातात घेऊन बसण्यात मला फारसे काही मिळत नाही. चित्रासाठी जन्मलेले संगीत चित्रासह ऐकणे हाच त्याचा खरा मान आहे.

जुनी तबकडी

पंचवटीकर, आपला शांततेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्याच हेरमन यांनी पुढे 'सायको'च्या संगीतातून तंतुवाद्यवृंदासाठी एक सलग मैफली रचना स्वतः बांधली आणि स्वतः तिचे ध्वनिमुद्रण केले. मूळ चित्रपटातील क्रम आणि तुटक तुकडे न घेता त्यांनी ते नव्याने जोडले. म्हणजे चित्राशिवाय हे संगीत उभे राहते, पण त्यासाठी त्याची पुन्हा जुळणी करावी लागते, असे खुद्द रचनाकारालाच वाटले होते.

आणि चित्रासाठी जन्मलेले म्हणाल तर आपण नाशिककरांनी थोडे थांबून विचार करावा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपला कारखाना नाशिकला आणला आणि येथे चित्रपट काढले. ते सगळे मूकपट. पडद्यासमोर बसून पेटी-तबला वाजवणारे लोक गावोगावी वेगळे, त्यांची संगीताची जाणही वेगळी. एकच चित्रपट नाशिकला एका सुरात पाहिला गेला असेल आणि पुण्याला दुसऱ्या. चित्र आणि संगीत यांची पक्की गाठ बोलपटानंतर बसली. आपल्याच शहरात चित्रपट तयार होत होते तेव्हा ती सुटीच होती.

ध्वनिपट्टी

पंचवटीकर यांच्या शांततेवर एक उपाय आहे. सलग ऐकू नये. चार-पाच तुकडे निवडावेत, त्यांचा क्रम स्वतः ठरवावा आणि प्रत्येकाच्या मध्ये मिनिटभराची पूर्ण शांतता ठेवावी. मोबाइलवरील आपोआप पुढचे काहीतरी लावण्याची सोय आधी बंद करावी, नाहीतर सगळ्या तयारीनंतर तिसरेच गाणे सुरू होते.

सोमेश्वरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या बाजूंनी हा विषय उलगडेल असे वाटले नव्हते, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र न लिहिता एकत्र लिहितो.

अंजनेरी, आपण सुचवलेली परीक्षा मी घेतली. भर दुपारी, खिडकी उघडी, बाहेर गंगापूर रोडची वर्दळ. तुकड्यांपैकी बहुतेक टिकले नाहीत, हे प्रथम मान्य करतो. जे टिकले ते तेच होते, ज्यांच्याबद्दल मंद्रसप्तक यांनी लिहिले आहे : ज्यांत मूळ स्वर जवळ येऊन निसटतो. रिक्षाच्या भोंग्याने ते तुटले नाहीत. भोंगा संपल्यावर मन आपोआप पुन्हा त्या न आलेल्या स्वराकडे गेले. हे मला फार मोलाचे वाटले. पाऊस, अंधार आणि डोंगर यांच्या मदतीने काहीही गूढ वाटू शकते, म्हणून आपली शंका योग्यच होती.

पंचवटीकर, गाठ सोडवण्यात अर्थ नाही असे आपण म्हणता, पण गाठ उलट्या बाजूनेही बसते, तिकडे आपले लक्ष वेधतो. बेला बार्टोक यांनी १९३६ मध्ये तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि सेलेस्टा (पियानोसारखे, पण घंटेसारखा नाजूक आवाज देणारे वाद्य) यांच्यासाठी एक रचना लिहिली. तिच्यात चित्रपटाचा काही संबंध नव्हता. १९८० मध्ये स्टॅन्ली क्युब्रिक यांनी तिच्या संथ भागातील अंश 'द शायनिंग'मध्ये वापरला, आणि आता तो चित्रपट पाहिलेल्या माणसाला ती रचना मैफलीत ऐकतानाही त्या रिकाम्या हॉटेलातून बाहेर पडता येत नाही. पेंडेरेत्स्की आणि लिगेती यांच्या रचनांचेही त्याच चित्रपटाने असेच केले. बार्टोक यांच्या रचनेत भय आधीपासून होते, की चित्रपटाने ते तिच्यात ओतले? मी ती रचना चित्रपटाच्या आधी ऐकलेल्या एका वयोवृद्ध स्नेह्यांना विचारले. त्यांचे म्हणणे असे की त्यांना तेव्हा ती रात्रीची वाटत असे, भीतीची नाही. रात्र आणि भीती यांच्यात जे अंतर आहे, तेवढे चित्रपटाने भरून काढले. आपण संगीत वेगळे ऐकतो तेव्हा ते अंतर पुन्हा मोकळे करत असतो. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचे कारण हेच आहे. चित्रपटाचा मान त्यामुळे कमी होत नाही. उलट यानंतर 'तुंबाड' पुन्हा पाहिला तर पावसाखालचे संगीत मला ऐकू येईल, आणि तो चित्रपट आधीपेक्षा मोठा वाटेल अशी माझी खात्री आहे.

तिन्हीसांज, आपल्या प्रतिसादाने मला एक कल्पना सुचली आहे. आपण चित्रपट पाहिलेला नाही. आमच्यापैकी बाकीच्यांनी पाहिला आहे. एका खोलीत बसून सर्वांनी तेच चार तुकडे ऐकावेत, ध्वनिपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे मध्ये शांतता ठेवून, आणि ऐकून झाल्यावर एकमेकांशी काहीही न बोलता प्रत्येकाने एक पानभर लिहावे. चित्र ठाऊक असलेल्यांची पाने आणि ठाऊक नसलेल्यांचे पान शेजारी ठेवले तर येथील निम्म्या प्रश्नांवर प्रत्यक्ष काही हाती लागेल. माझ्या घरी वरची खोली मोकळी आहे. येत्या शनिवारी सायंकाळी जमेल का?

तिन्हीसांज

मी येईन. एकच अट आहे, चित्रपटातील कोणते दृश्य कोठे येते हे मला आधी किंवा नंतरही कोणी सांगू नये. चित्रपट न पाहिलेली माझी एक मैत्रीणही येऊ इच्छिते, म्हणजे आमच्या बाजूची दोन पाने होतील.

मंद्रसप्तक

मीही येते. तानपुरा आणते. प्रत्येक तुकड्यानंतरच्या शांततेत त्या तुकड्याचा षड्ज मी हलका छेडू का? न आलेला स्वर प्रत्यक्ष ऐकल्यावर भीती सुटते की टिकते, हे मला पाहायचे आहे. शांततेचा भंग होतो असे वाटत असेल तर पहिल्या दोन तुकड्यांनंतर छेडावा आणि नंतरच्या दोनांना मोकळे सोडावे.

पंचवटीकर

माझे मत अजून बदललेले नाही, परंतु प्रयोग प्रामाणिक आहे, म्हणून मीही येतो. मंद्रसप्तक यांची दुसरी सूचना चांगली आहे. फक्त तुकड्यांचा क्रम चित्रपट पाहिलेल्यांपैकी कोणी लावू नये, नाहीतर आपण नकळत कथाच पुन्हा सांगू. क्रम तिन्हीसांज यांनीच ठरवावा.

ध्वनिपट्टी

स्पीकर मी आणतो, सोमेश्वरकर यांनी फक्त वरच्या खोलीतील गालिचा आणि जाड पडदे तसेच राहू द्यावेत. खिडकीकडील भिंतीपाशी साधारण हातभर जागा मोकळी हवी. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, कारण वरचे स्वर भिंतीने अडतात, खालचे अडत नाहीत, आणि आपण ज्याला रचनेतील सर्वांत सुंदर भाग म्हणणार आहोत, नेमका तोच पलीकडच्या घरात कारणाशिवाय ऐकू जाईल. मी साडेपाचपर्यंत पोहोचतो, म्हणजे दिवेलागणीपूर्वी सगळी जुळवणी होईल.